कानाचें शास्त्र आणि कागदाची परीक्षा

विद्या शिकविण्याचे जे विलक्षण प्रकार आपल्याकडे रूढ झाले आहेत, त्यांत इंग्रजीचें ध्वनिशास्त्र शिकविण्याच्या प्रकाराला आम्ही पहिला मान देऊं. ज्या शास्त्राचा सारा विषय कानानें ऐकण्याचा व मुखानें उच्चारण्याचा, तें पदवीच्या वर्गांतील आमचे विद्यार्थी बहुधा मिटल्या तोंडानें शिकतात आणि मुक्या लेखणीनें त्याची परीक्षा देतात. इंग्रजीचीं अक्षरें २६ आणि ध्वनि ४४. त्या ध्वनींचीं चिन्हें पाठ करावीं, पांचदहा शब्द त्या चिन्हांत उतरवून दाखवावे, जीभ, टाळू व स्वरयंत्र यांची आकृति काढून नांवें द्यावीं, कीं झालें! एवढें करणारा विद्यार्थी उत्तम रीतीनें उत्तीर्ण होतो. त्यानें वर्षभरांत एक तरी इंग्रजी वाक्य मोठ्यानें उच्चारलें काय, हें विचारण्याचें कोणास प्रयोजन पडत नाहीं.

हा प्रकार इतर कोठें खपला तरी इचलकरंजींत खपूं नये. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरीस गेले, वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं राहून त्यांनीं तेथील ख्यालगायकी कंठगत केली आणि ती महाराष्ट्रांत आणली. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयानें ते या गांवीं राहिले, आणि त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. पलुस्करांनीं स्वरलेखनाची पद्धति बसविली हें खरें. पण स्वर कधींच न ऐकतां केवळ चिन्हें वाचून कोणी गवई झाल्याचें ऐकिवांत आहे काय? चिन्ह हें ऐकलेल्या स्वराची आठवण असते. न ऐकलेल्या स्वराची तें जागा घेऊं शकत नाहीं. गाण्याच्या बाबतींत जें शेंबड्या पोरासहि कळतें, तें भाषेच्या बाबतींत आमच्या विद्वानांस कळूं नये, हें नवल नव्हे काय?

बरें, ज्या चिन्हांची ही पाठांतरें चाललीं आहेत त्यांचा इतिहास तरी या पाठांतराला अनुकूल आहे काय? आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषद १८८६ सालीं पॅरिस येथें निघाली ती भाषाशिक्षकांची होती. इंग्रजीच्या विचित्र वर्णलेखनानें मुलांचा गोंधळ होऊं नये, त्यांनीं आधीं बोली भाषा ऐकावी व बोलावी, यासाठीं त्यांनीं हीं चिन्हें योजिलीं. म्हणजे जें साधन पुस्तकाच्या जुलमांतून सोडविण्यासाठीं निर्माण झालें, त्याचीच आम्ही आणखी एक पुस्तकी बेडी केली!

यावर कोणी म्हणतील, मग हें शास्त्रच काढून टाका. विणकराच्या मुलास त्याचा उपयोग काय? या सुलभ उपायाला आमचा सक्त विरोध आहे. ज्याच्या घरीं इंग्रजीचा शब्द पडत नाहीं, त्यालाच या शास्त्राची गरज सर्वांत अधिक. त्याच्या तोंडून 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट', 'शिप' आणि 'शीप' एकच होऊन बाहेर पडतात, याचें कारण मंदबुद्धि नव्हे. मराठींत त्या भेदांवर अर्थ अवलंबून नसतो, म्हणून कानाला ते टिपण्याची संवय नसते. 'पिन' या इंग्रजी शब्दांतला आरंभींचा 'प' आपल्या 'फ'कडे झुकणारा असतो. आपण शुद्ध मराठी 'प' उच्चारला तर परक्या कानाला तो 'बिन' भासण्याचा संभव असतो. 'फोटोग्राफ' शब्दांत आघात पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्यें दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्यें तिसऱ्यावर. आघात चुकला तर शब्दच ओळखूं येत नाहीं. मराठी मनुष्य असा आघात ठेवीत नाहीं. हें कोणी तरी ऐकवून सांगितल्यावांचून त्यास कळावें कसें?

आणि हें सांगण्यास मराठीएवढी सोयीची भूमि दुसरी नाहीं. वेदांगांत 'शिक्षा' हें उच्चारांचें स्वतंत्र शास्त्र आहे. आपली वर्णमाला कंठापासून ओठापर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमानें लाविली आहे. 'चहा' आणि 'चमचा' यांतील 'च' लिहिण्यांत एक असून उच्चारांत दोन आहेत, हें दाखविलें कीं लेखन व उच्चार यांतला भेद मुलास तत्काळ पटतो. नारायण गोविंद कालेलकर यांचा 'ध्वनिविचार' १९५५ पासून मराठींत आहे. असें असतां हा विषय जणूं परग्रहावरून आला आहे अशा थाटानें शिकविण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं.

दुसरा पक्ष याहून घातक आहे, आणि त्यांत आपणां सुशिक्षित कुटुंबांचा भरणा मोठा आहे. या पक्षाला उच्चार हवा तो समजण्यासाठीं नव्हे, मिरविण्यासाठीं. मराठी शाळेंतून आलेला मुलगा 'इस्कूल' म्हणाला कीं दिवाणखान्यांत हंशा पिकतो. वाचकहो, ज्या उच्चाराचा हा डौल, त्याची मूळ वस्ती किती ती पाहा. डॅनियल जोन्स यांनीं १९१७ च्या आपल्या उच्चारकोशांत जो नमुना घेतला, तो दक्षिण इंग्लंडांतील, ज्यांचे पुरुष बड्या निवासी शाळांत शिकले अशा कुटुंबांचा होता. आणि पुढें १९७४ सालीं पीटर ट्रडगिल यांनीं केलेल्या अंदाजाप्रमाणें तसा उच्चार करणारे खुद्द ब्रिटनमध्यें शेंकडा तीनच होते. जेनिफर जेन्किन्स यांनीं २००० सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, देशोदेशींच्या लोकांना परस्परांचें इंग्रजी समजण्यासाठीं स्वरांची लांबी, शब्दारंभींचीं जोडाक्षरें आणि वाक्यांतील मुख्य आघात हीं महत्त्वाचीं. 'थ'-'द' कसे उच्चारले यावर फारसें अडत नाहीं. तेव्हां 'इस्कूल'चें 'स्कूल' अवश्य करावें. पण तें शिकवून करावें, हांसून नव्हे. हांसलेला मुलगा सुधारत नाहीं, तो गप्प होतो. आणि गप्प झालेला विद्यार्थी पुढें पदवी घेऊनहि गप्पच राहतो.

हा गप्पपणा उच्चारापाशीं थांबत नाहीं, हाच खरा चिंतेचा भाग. विद्येची म्हणून एक भाषा असते: व्याख्या करणें, तुलना करणें, दुसऱ्याचें मत कोठें संपलें व आपलें कोठें सुरू झालें हें दाखविणें, पुराव्यापलीकडे न बोलणें. बाजारांत व मित्रांत चालणारी भाषा निराळी आणि ही निराळी, हा भेद जिम कमिन्स यांनीं १९७९ सालीं स्पष्ट मांडला. पहिली दोन वर्षांत येऊं शकते, दुसरीला पांच ते सात लागतात. आणि मातृभाषेंत ती साधलेली असली तर दुसऱ्या भाषेंत तिचा आधार मिळतो, असें त्यांचें प्रतिपादन आहे. आमच्याकडे सन २००० पासून मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आलें. पण स्वतःचा एक विचार दहा वाक्यांत क्रमानें मांडणें हें ना मराठींत शिकविलें जातें, ना इंग्रजींत. त्याऐवजीं 'गाइड' नांवाची तयार शिदोरी बांधून दिली जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं इंग्रजी निबंधकार वाचले आणि १८७४ पासून 'निबंधमाले'त वादविवादाची मराठी घडविली. इंग्रजीचा असा उपयोग करणें हाच तिचा खरा मान होय.

यावर उपाय काय? आमचें मागणें फार नाहीं. ध्वनिशास्त्राचा एकहि गुण तोंडी परीक्षेवांचून देऊं नये. वर्ग मोठे, सवड नाहीं, ही सबब ऐकूं नये. रसायनाची प्रयोगपरीक्षा तुकड्या पाडून घेतां येते, गायनाची एकेकाची घेतां येते, मग बोलण्याचीच कां घेतां येऊं नये? गुण द्यावे ते समजण्याजोग्या उच्चारास, साहेबी थाटास नव्हे. आणि प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गांवाच्या एका प्रश्नावर आधीं मराठींत व मग इंग्रजींत स्वतःचा निबंध लिहावा. 'गाइड' उघडून तो सांपडणार नाहीं, हाच त्याचा पहिला गुण.

विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं या गांवीं पहिला यंत्रमाग आणला. तो परदेशी, त्याचे शब्द परदेशी. तरी बीम, बॉबिन, जॉबर, सायझिंग हे शब्द इचलकरंजीनें व्याकरणावांचून, कानानें घेतले आणि पचविले. पुस्तकांतील आकृति पाहून येथें कोणी माग चालवावयास शिकला नाहीं. मागाजवळ उभें राहून, आवाज ऐकून, हात घालून शिकला. अशा कारागिरांच्या मुलांना भाषा मात्र आकृतींवरून शिकवावयाची आणि ती आली नाहीं म्हणजे दोष त्यांच्या बुद्धीला द्यावयाचा, हा अन्याय आहे. आणि शिक्षणाच्या नांवाखालीं होतो म्हणून तो कमी अन्याय ठरत नाहीं.