प्रसारणलहरींचे दायित्व

प्रसारणलहरी ही सार्वजनिक संपत्ती होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्याच वर्षीच्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविणे केबलचालकांना बंधनकारक केले. खासगी एफएम केंद्रांना मात्र निराळाच न्याय लावण्यात आला. २०११च्या धोरणाने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे घेण्याची सक्ती केली नाही. पण बातम्या द्यायच्याच तर त्या आकाशवाणीच्याच, कोणताही फेरफार न करता, असे बंधन घातले. म्हणजे कोल्हापूरच्या केंद्राने हवामान, परीक्षा, पाणीपुरवठा यांची माहिती द्यावी. महापालिकेच्या सभेचे वृत्त स्वतः देऊ नये!

हे कर्तव्यही नव्हे आणि स्वातंत्र्यही नव्हे. सार्वजनिक संपत्तीवर व्यवसाय करणाऱ्याने दिवसातून एकदा राष्ट्रीय आणि एकदा मराठी प्रादेशिक बातमीपत्र प्रसारित करणे न्याय्यच आहे. वेळ आणि कालावधी परवान्यातच नमूद असावा. पूर-भूकंपप्रसंगी स्थानिक सूचनांना अग्रक्रम असावा. मात्र त्याबदल्यात स्थानिक वृत्तांची मुभाही मिळालीच पाहिजे. तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देण्याची मुभा असावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली केलीच आहे. राष्ट्राचा आवाज गावोगावी पोहोचावा, हे खरे. पण गावाचा आवाज दडपून तो पोहोचवता येत नाही.