बुडबुडा, निर्वात आणि दाब

घरगुती कार्यशाळेत साच्यात रेझीन ओतून सुटे भाग घडविणाऱ्यास बुडबुड्यांचा उपद्रव होतो. त्यावर उपाय दोन. निर्वात पात्रात बुडबुडे फुगून वर येतात व फुटतात. मात्र द्रव फेसाळून कित्येक पट चढत असल्याने भांडे बरेच रिते ठेवावे लागते. काही पॉलियुरेथेन रेझिने थोड्याच मिनिटांत घट्ट होऊ लागतात; त्यांना इतका अवकाश नसतो. तेव्हा भरलेला साचा दाबपात्रात ठेवून हवा कोंडतात. बॉईलने १६६२ साली मांडलेल्या नियमानुसार निरपेक्ष दाब चौपट होताच बुडबुड्याचे घनफळ एकचतुर्थांश होते. रेझीन त्याच दाबाखाली घट्ट व्हावे लागते.

परंतु दोन्ही उपायांतील धोका सारखा नाही. निर्वात पात्रावर बाहेरून फार तर एका वातावरणाचा भार येतो. वरील दाबपात्रावर आतून तीन वातावरणांचा येतो, आणि ते फुटल्यास तुकडे दूरवर उडतात. म्हणून ज्या पात्राची दाबमर्यादा ठाऊक नाही व ज्यास सुरक्षा-झडप नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी वापरणे गैर होय. शाळांनी विद्यार्थ्यांना हे गणित आधी शिकवावे, पंप नंतर द्यावा.