‘१८५७ चं पिस्तूल’ आणि माझी चुकलेली बातमी

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी एक बातमी केली होती. ‘शहरातील वाड्यात सापडले १८५७ च्या उठावातील पिस्तूल’. तुमच्यापैकी कित्येकांनी ती शेअर केली होती. ती बातमी चूक होती. उशिरा सांगतोय, पण सांगायलाच हवं.

वाड्यातल्या काकांनी माळ्यावरची ट्रंक उघडून ते दाखवलं. मुठीत मावेल एवढं रिव्हॉल्व्हर. चाप दुमडून आत जाणारा, चापाभोवती कडी नाही, घोडाही आत झाकलेला. काका म्हणाले, “पणजोबांचं आहे. गावातली पहिली सायकल त्यांचीच.” सायकलीचं मी लिहिलंच नाही. घरातलं कुणीतरी मागून “सत्तावनचं असेल” म्हणालं. त्यातला ‘असेल’ गाळून मी मथळा केला.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. परवाना नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका दिवसभर ठाण्यात बाकावर बसून होते. वस्तू मुद्देमालात गेली, ती आजही तिथेच आहे. पोलिसांनी त्यांचं काम केलं. मी माझं केलं नव्हतं.

पुढे माझेच फोटो मोठे करून पाहिले. सिलिंडरवर लंबगोलात ‘ई एल जी’ अशी अक्षरं आणि वर मुकुट. ही बेल्जियमच्या लिएज शहरातल्या शस्त्र-चाचणीची खूण, आणि त्यावर मुकुट आला १८९३ मध्ये. सत्तावनचा विषय तिथेच संपला. दोन मिनिटांचं काम होतं हो!

पण मग ते आहे काय? लिएजमध्ये कितीतरी छोट्या कारखान्यांत अशी हत्यारं बनायची आणि अनेकांवर बनवणाऱ्याचं नावच नसायचं. परदेशातले संग्राहक अशा वेळी जुन्या विक्रेत्यांचे कॅटलॉग काढून बसतात. हॅम्बर्गच्या ‘आल्फा’चा १९११ चा जाडजूड कॅटलॉग तर त्यांच्यासाठी पुन्हा छापला गेला. त्यात चित्र, माप, काडतूस, किंमत सगळं असतं. फ्रान्समधल्या सेंत-एतिएनच्या एका मोठ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तर बंदुका आणि सायकली एकाच पुस्तकात विकायला असायच्या.

आपलं रिव्हॉल्व्हर त्याच जातीचं निघालं. नाव ‘वेलो-डॉग’. पॅरिसच्या गालाँ नावाच्या बंदूक-कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार आणला आणि मग बेल्जियम-स्पेनमध्ये त्याच्या ढीगभर नकला झाल्या. गिऱ्हाईक कोण, तर सायकलस्वार. मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी! कुत्रं मरू नये म्हणून तिखटाची पूड भरलेली काडतुसंही मिळायची म्हणे.

आणि मी नेमकी सायकलच गाळली होती.

अर्थात कॅटलॉग म्हणजे काही वेद नव्हे. जुनी चित्रं वर्षानुवर्षं तशीच छापली जायची, पडून राहिलेला मालही खपवला जायचा. वस्तू कधी विकायला होती एवढंच त्यातून कळतं. पणजोबांनी ते कुठून, कशासाठी घेतलं, हे पावतीशिवाय सांगता येणार नाही. ट्रंकेत जुने कागद होते. तेही मी पाहिले नाहीत.

आपल्याकडे तलवार निघाली की शिवकालीन आणि बंदूक निघाली की सत्तावनची. कुत्र्याला भिऊन खिशात पिस्तूल ठेवणारा सायकलवाला आपल्याला इतिहास वाटत नाही. मला तो आता जास्त खरा वाटतो.

एक गैरसमज मात्र दूर करतो. ‘शंभर वर्षं जुनं आहे, परवाना कशाला?’ असं नसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ खाली जुन्यापुराण्या हत्यारांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. म्हणून कुणी घाबरून विहिरीत टाकतं, कुणी भंगारात देतं. प्रशासनाने महिनाभराची मुदत जाहीर करावी. लोकांनी स्वतःहून वस्तू आणावी, वस्तुसंग्रहालयाचा जाणकार माणूस बसवावा, खुणांचे फोटो आणि घरच्यांची माहिती लिहून घ्यावी, आणि मगच ठरवावं की मुद्देमाल की संग्रहालय. फार खर्चाचं काम नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात तसा अर्ज सोमवारी देतोय, सही करायची असेल त्यांनी सकाळी अकराला या.

काकांनाही सांगून आलो. चहा पाजला त्यांनी. बातमीचा विषय त्यांनी काढला नाही, मीच काढला.