आधी बुश पाहा, मग गाडी उचला

बेळगाव-खानापूरकडच्या खेड्यांत जुनी पिकअप गाडी उंच करून घेण्याची एक हौस पसरली आहे. पुढच्या कमानीत एक पाटा जादा घालायचा, शॅकल लांब करून घ्यायचे, त्यावर मोठे टायर चढवायचे आणि गावातून एक फेरी मारून यायची. गाडी रुबाबदार दिसते, यात शंका नाही. पण त्याच गाडीचे स्टिअरिंग हातात घेऊन, हौद्यात भाजीची पोती असताना, चोर्ला घाट उतरून पाहावा. खड्ड्यात चाक गेले की गाडी आपल्या मनाने बाजूला ओढते, चाळीस-पन्नासच्या वेगाला पुढची चाके थरथरू लागतात आणि ड्रायव्हर दोन्ही हातांनी चक्र धरून देवाचे नाव घेतो. यावर मालक काय करतो? नवे शॉकअप घालतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

माझे म्हणणे असे, की या गाड्यांपैकी बहुतेकांना नव्या सामानाची गरजच नसते. गरज असते ती तपासणीची आणि क्रमाने केलेल्या दुरुस्तीची. तो क्रम पाळला, तर खर्च गरीब मालकाच्या आवाक्यात राहतो. न पाळल्यास हजारो रुपये घालूनही गाडी होती तशीच थरथरते.

हे मी पुस्तकावरून लिहीत नाही. आमच्या घरी अशीच एक गाडी आहे. जीपच्या सांगाड्यावरची, मागे हौदा, पुढे सलग ॲक्सल आणि चारी बाजूंना पाटे. आमच्याकडे आली तेव्हाच ती आधीच्या मालकाने उंच करून ठेवलेली होती. आठवड्यातून तीन वेळा ती भाजी घेऊन गोव्यात जाते आणि घरातल्या दोन भावंडांच्या फिया तिच्यावर चालतात. ती थरथरू लागली तेव्हा एका मोठ्या वर्कशॉपने पुढचे सगळे बदलावे लागेल असे सांगून पाटे, शॉकअप, टायरॉड, किंगपिन अशी लांबलचक यादी हातात ठेवली. यादी करणाऱ्याने गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिले नव्हते. काकांनी ती यादी खिशात घातली आणि गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री मराठी, कानडी आणि उर्दू एकाच वाक्यात बोलतात. त्यांचे पहिले वाक्य होते, 'मोदल नोड्री, आमेल बिच्च्री.' म्हणजे आधी बघा, मग खोला.

आता बघायचे म्हणजे काय, ते सांगतो. सपाट जागेवर गाडी उभी करून मागच्या चाकांना दगड लावावेत. ॲक्सलखाली जॅक देऊन पुढचे एक चाक जमिनीपासून वर घ्यावे आणि खाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही. मग चाक वर आणि खाली धरून हलवावे. खुळखुळले, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा किंगपिनमध्ये आहे. दोहोंपैकी कोणता, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खुळखुळ थांबली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. त्यानंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवावे, म्हणजे टायरॉडची टोके बोलू लागतात. चाके जमिनीवर टेकवून एकाने स्टिअरिंग थोडेसे इकडेतिकडे फिरवीत राहावे आणि दुसऱ्याने खाली डोके घालून प्रत्येक सांधा न्याहाळावा, हे त्याहून उत्तम. शेवटी पहार घेऊन पाट्याचा डोळा आणि त्याचा ब्रॅकेट यांच्यामध्ये हलकेच उचकावे. बुश गेलेला असेल तर पाटा डोळ्यादेखत सरकतो.

आमच्या गाडीत तो सरकला. शॅकलचे बुश झिजून अंडाकार झाले होते आणि एका पिनला करंगळीचे नख अडकेल एवढी खाच पडली होती. उजव्या बाजूचे यू-बोल्ट ढिले होते. टायरॉडचे एक टोक संपलेले होते. किंगपिन शाबूत, बेअरिंग शाबूत, शॉकअप जुने पण कोरडे. मोठ्या यादीतले तीन-चतुर्थांश सामान अशा रीतीने गळून पडले. बुश आणि पिना यांचा खर्च शेकड्यांत मोजतात, पाट्यांच्या नव्या जोडीचा हजारांत. या दोहोंमधला फरक म्हणजे आमच्यासारख्या घरात एका मुलाची सहामाहीची फी असते.

यू-बोल्टचे महत्त्व लोकांना कळत नाही. पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे तेच. ते ढिले झाले की सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल पाट्यावरून सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. पाटे खोलले असतील तर यू-बोल्ट नवेच घालावेत, कारण एकदा ताणून कसलेला बोल्ट पुन्हा तितकाच घट्ट धरील याचा भरवसा नसतो. काम झाल्यावर काहीशे किलोमीटर चालवून ते पुन्हा कसावे लागतात. हे दुसऱ्यांदा कसणे फुकट असते, बहुधा म्हणूनच कोणी करीत नाही.

बुशांचीही एक गंमत आहे. जुन्या जीपगाड्यांत आट्यांचे लोखंडी बुश येत. त्यांना ग्रीस हेच अन्न. ग्रीस निपल चिखलाने बुजले, की ते उपासमारीने मरतात. नंतरच्या गाड्यांत रबरी बुश आले. त्यांना ग्रीस आणि ऑइल वर्ज्य, कारण त्याने रबर फुगून सडते. रबरी बुश बसवताना पिनेचे नट गाडी जमिनीवर उभी करून, भार चाकांवर आल्यावरच शेवटचे कसायचे असतात. चाके लोंबकळत असताना कसले तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि ते काही महिन्यांतच फाटते. मग मालक म्हणतो, माल बोगस होता. आमच्या उद्यमबागेत लेथवाल्यांची वाण नाही. जुन्या गाडीचे माप बाजारात मिळाले नाही, तर गनमेटलचा बुश तासून घेता येतो. फक्त त्याला ग्रीसचे भोक आणि खाच ठेवायला सांगावे.

आता उंचीचा प्रश्न. मी उंच गाड्यांचा सरसकट शत्रू नाही. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलकडेच्या गावांत ज्याला रोज चाकोरीतून जावे लागते, त्याला गाडीचे पोट जमिनीपासून थोडे वर हवेच. पण पुष्कळ वेळा होते असे, की वीस वर्षांच्या ओझ्याने पाटे बसलेले असतात. नाक खाली आलेले पाहून मालक पाटे दुरुस्त करण्याऐवजी शॅकल लांब करतो. पुष्कळ जीपगाड्यांत पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असते. ते लांब केले की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते आणि ॲक्सल पुढे कलंडतो. सायकलचा पुढचा चिमटा किंचित तिरका असतो म्हणूनच हात सोडला तरी ती सरळ धावते. त्याला कॅस्टर म्हणतात. गाडीच्या किंगपिनलाही तसाच तिरकेपणा मागच्या बाजूला दिलेला असतो. ॲक्सल पुढे कलंडला की तो नाहीसा होतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ यायचे विसरते. यावर उपाय पाट्याखाली योग्य कोनाची पाचर बसवण्याचा. पण पाचर दिसत नाही, उंची दिसते. म्हणून पाचरेला कोणी पैसे देत नाही.

दुसरी भानगड ड्रॅग लिंकची. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा हा दांडा मुळात जवळजवळ आडवा असतो. गाडी उंच केली की तो उतरता होतो. मग चाक खड्ड्यात खालीवर झाले, की दांडा त्याला ढकलतो किंवा ओढतो आणि ड्रायव्हरने काही न करता गाडी वळते. हा दोष कोणत्याही शॉकअपने जात नाही. आणि तिसरी, सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे ब्रेकची रबरी नळी. ती कंपनीच्या उंचीला बेतलेली असते. उंच केलेल्या गाडीचे चाक खाली लोंबू द्यावे आणि नळी ताणली जाते का ते पाहावे. आमच्या गाडीत ती वीणेच्या तारेसारखी ताणलेली होती. एवढा एक शोध त्या दिवसाच्या मजुरीहून मोलाचा होता.

जादा पाट्याचा हिशेब आपल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे, पण तो परीक्षेच्या कागदावरच राहतो. एकसारख्या पाच पाट्यांत सहावा घातला की ताठपणा साधारण एक-पंचमांशाने वाढतो. पाट्याची जाडी वाढवली तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा घातला, की त्या एका पाट्याचा ताठपणा सव्वादोनपटीहून अधिक होतो. असल्या कमानीवर रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळते आणि प्रत्येक आदळा बुशांवर, पिनांवर आणि टायरॉडच्या टोकांवर येतो. म्हणजे ज्यांची झीज लपवायला पाटा घातला, त्यांनाच तो लवकर मारतो. काकांनी तो जादा पाटा काढायला लावला. बाकीचे पाटे खोलून, घासून, कमान मारून घेतले आणि एक चिरलेला पाटा त्याच जाडी-रुंदीचा बदलला. कमान थंड ठोकूनच मारलेली बरी. भट्टीत लाल करून वाकवलेल्या पाट्याला नंतर नीट पाणी दिले गेले नाही, तर त्याचा पीळ मरतो आणि तो दोन महिन्यांत पुन्हा बसतो. थंड ठोकलेली कमानही जन्माला पुरत नाही, हे खरे. पण तेवढ्यात दोन-चार हंगाम निघतात आणि नव्या पाट्यांसाठी पैसे जमवायला सवड मिळते. चिरलेल्या पाट्याला वेल्डिंग मारून देणारे महाभाग आहेत. त्यांच्या दुकानावरून पुढे जावे.

काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, याबद्दल आमच्या मिस्त्रींचे मत ठाम आहे आणि मला ते पूर्ण पटते. पाटे, ब्रॅकेट, शॅकल मोडीच्या गाडीवरून तपासून घेतले तरी चालते. टायरॉडची टोके, ब्रेकच्या नळ्या आणि यू-बोल्ट नवे आणि चांगल्या प्रतीचे. खिळपिना तर दरवेळी नव्याच, त्यांची किंमत ती काय! शॉकअप तेल गाळत नसतील तर पुढच्या वर्षी. आणि चाकांचे अलाइनमेंट सर्वांत शेवटी, सगळे सांधे घट्ट झाल्यावर. झिजलेल्या टायरॉडवर अलाइनमेंट करून देणारी आणि पैसे घेणारी दुकाने शहरात थोडी नाहीत. ते मोजमाप गाडी दुकानातून बाहेर पडेपर्यंतच टिकते.

कायद्याचाही एक पदर आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. भाड्याच्या जुन्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तेव्हा मालक मंडळी पासिंगच्या आदल्या दिवशी जुने टायर आणि जुने शॅकल बसवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतात. या दुहेरी मजुरीत वर्षाच्या बुशांचा खर्च निघाला असता. गाडी मूळच्या उंचीवर आणण्याचा खर्च हा मी म्हणूनच दुरुस्तीचा खर्च समजतो.

आपल्या महाविद्यालयात वर्कशॉप आहे, पहार आहे, जॅक आहे, ग्रीस गनही आहे. विद्यार्थी मात्र बहुधा जर्नल पुरे करण्यापुरतेच तिथे जातात. कमानीचे गणित सोडवणाऱ्या आमच्या वर्गातल्या किती जणांनी पाट्याचा डोळा हाताने चाचपला असेल, हे मी विचारणार नाही. मिस्त्रींचे वय झाले आहे. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. ब्रेक दाबून किंगपिन ओळखण्याची विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात मला तरी सापडली नाही.

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागण्यापूर्वी, दोन शनिवार वर्कशॉप आसपासच्या शेतकऱ्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या गाड्यांसाठी उघडावे, अशी सूचना मी विभागप्रमुख सरांकडे लेखी दिली आहे. खोलायचे काही नाही. फक्त पाहायचे, निपले साफ करून ग्रीस भरायचे आणि काय झिजले आहे ते मराठीत किंवा कानडीत, मालकाला वाचता येईल अशा एका कागदावर लिहून द्यायचे. तो कागद घेऊन मालक हव्या त्या गॅरेजात जाईल. कानडी विभागाच्या संपादकांनी त्या कागदाचा मजकूर करून देण्याचे कबूल केले आहे. मिस्त्रीही यायला तयार आहेत. त्यांची अट एकच आहे, की वर्कशॉपच्या खड्ड्यातला कचरा आम्ही आधी काढून ठेवावा.