खुर्ची फोरमनचीही हवी

अभियांत्रिकीच्या प्रवेशांचे दिवस आले की महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका घरोघरी पोहोचतात. गुळगुळीत कागद, प्रशस्त इमारतींची छायाचित्रे आणि प्रत्येक विभागाच्या पानावर 'सल्लागार समिती' या शीर्षकाखाली आठ-दहा मान्यवरांची नावे, असे त्यांचे ठरलेले रूप असते. उत्पादन अभियांत्रिकी विभागाचे पान उघडले तर तेथे दोन-तीन नामवंत संस्थांतील प्राध्यापक, एखाद्या मोठ्या कंपनीचे उपाध्यक्ष, मनुष्यबळ विभागाचे एक अधिकारी आणि परदेशस्थ माजी विद्यार्थी हमखास भेटतात. नावांपुढे पदव्या आहेत, पदे आहेत. पालक समाधानाने पान उलटतात. या मान्यवरांपैकी वस्तू घडविण्याच्या प्रत्यक्ष कामात किती जणांनी आयुष्याची किती वर्षे घालविली, हे मात्र त्या पानावर लिहिलेले नसते, आणि ते कोणी विचारतही नाही.

वरवर पाहता हा तपशिलाचा प्रश्न वाटतो. पण विद्यार्थी चार वर्षांत काय शिकणार, प्रयोगशाळेत कोणते यंत्र येणार, कोणता विषय वगळला जाणार आणि कार्यशाळेचे तास वाढणार की घटणार, या निर्णयांना अशा समित्यांच्या शिफारशींचाच आधार असतो. सल्ला देणारा ज्या वाटेने चालत आला, तीच वाट त्याला ठाऊक असते. म्हणून सल्लागाराची पार्श्वभूमी ही शोभेची बाब नसून सल्ल्याचा पायाच आहे.

उत्पादनाचे ज्ञान तीन ठिकाणी वसते. एक, धातू असा का वागतो याची मीमांसा करणाऱ्या अभ्यासकापाशी. दोन, माणसे, माल आणि पैसा यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थापकापाशी. तीन, यंत्रासमोर उभे राहून जॉब घडविणाऱ्या कारागिरापाशी, म्हणजे टूलरूममधील फिटर, पॅटर्न बनविणारा मिस्त्री, भट्टीवरचा फोरमन आणि पंधरा-वीस माणसांचा कारखाना चालविणारा लघुउद्योजक यांच्यापाशी. पहिल्या दोघांना समितीत मानाचे पान मिळते. तिसऱ्यासाठी खुर्चीच मांडलेली नसते.

कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. गुऱ्हाळे, पंप आणि तेलइंजिने यांच्या सुट्या भागांपासून सुरुवात करून या परिसराने पुढे वाहन उद्योगाला लागणाऱ्या ओतीव भागांपर्यंत मजल मारली. ओल्या वाळूच्या साच्यात ओलावा थोडा जरी वाढला, तरी तापलेला रस आत जाताच त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. पावसाळ्यात हा धोका अधिक. जुना मोल्डर वाळू मुठीत दाबतो, मोडून पाहतो आणि आज भरायची की नाही ते सांगतो. त्याचे हे सांगणे बहुधा खरे ठरते, पण ते त्याच्या मुठीपुरतेच राहते. प्राध्यापक तोच ओलावा मोजतो, वाळूतून वायू किती सहज निसटतो ते तपासतो आणि त्याचा नियम बांधतो. मग ते ज्ञान दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकते. मूठ आणि मोजमाप यांची भेट झाली, तरच शास्त्र पुढे जाते. ही भेट जेथे घडायला हवी, त्या मेजावरून मूठच गैरहजर असते, ही खरी खंत आहे.

नियम करणाऱ्यांची दृष्टीही याच वळणाची राहिली आहे. स्वायत्त महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमावलीत अभ्यास मंडळाची रचना दिली होती. विभागप्रमुख, अध्यापक, बाहेरचे विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ, एक गुणवान माजी विद्यार्थी आणि या सर्वांच्या जोडीला उद्योग, कॉर्पोरेट वा नोकरीभरतीशी संबंधित क्षेत्राचा एकच प्रतिनिधी. नोकरीभरती हा शब्द पुरेसा बोलका आहे. उद्योग म्हणजे नोकऱ्या देणारा दाता, अशीच ही कल्पना आहे. उद्योगाकडे शिकविण्याजोगे ज्ञान असते, हे त्या शब्दयोजनेत कोठेही डोकावत नाही. मग उत्पादन विभागाच्या प्रमुखाऐवजी मनुष्यबळ अधिकारी समितीवर आला, तर आश्चर्य ते कोणते? मुलांना नोकरी लागते की नाही, एवढेच पाहायचे असेल तर तोच सोयीचा!

आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही योजना आणली, हे स्वागतार्ह पाऊल होते. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षे काम केलेल्या व्यक्तीला औपचारिक पदवीच्या अटीविना शिकविण्यासाठी बोलावता येईल आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतील, असे त्यात म्हटले आहे. पदवीची भिंत एका जागी तरी खाली आली. परंतु हा अनुभव शक्यतो वरिष्ठ पदावरचा असावा, अशी पुस्तीही तेथे जोडलेली आहे. पुन्हा दार उघडले ते साहेबांसाठीच. फोरमन उंबरठ्याबाहेरच राहिला.

पदवी आणि कर्तृत्व यांचे नाते इतके सरळ नसते, याची साक्ष इतिहास देतो. आज जगभरातील उत्पादन अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात टोयोटाची उत्पादनपद्धती शिकविली जाते. तिचे प्रमुख शिल्पकार ताइची ओनो हे नागोया येथील तांत्रिक शाळेतून शिकून १९३२ साली टोयोडा घराण्याच्या कापड कारखान्यात लागले आणि १९४३ मध्ये मोटार कारखान्यात आले. त्यांच्या विचारांचा पाया यंत्रशाळेतल्या कामातून घातला गेला. आजच्या एखाद्या महाविद्यालयाने सल्लागार निवडताना केवळ पदव्याच मोजल्या, तर ज्याची पद्धत शिकवायची तोच माणूस समितीसाठी अपात्र ठरेल!

भारतातही अशी उदाहरणे आहेत. केंद्र सरकारने २००४ साली राष्ट्रीय उत्पादन स्पर्धात्मकता परिषद स्थापन केली आणि तिच्या अध्यक्षपदी व्ही. कृष्णमूर्ती यांना नेमले. विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन मद्रासच्या वीज मंडळात काम करीत वर आलेल्या या माणसाने पुढे भेल, मारुती आणि सेल या तीन प्रचंड उद्योगांचे नेतृत्व केले. त्याही आधी, लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवीत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात आले, सायकलींचा व्यवसाय केला, लोखंडी नांगर बनविला आणि १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. लोखंडाने जमीन बिघडेल, अशा समजुतीने शेतकरी आरंभी नांगर घेईनात. त्या नकाराला तोंड देत उत्पादक म्हणून उभे राहिलेल्या लक्ष्मणरावांपाशी जे शहाणपण जमा झाले, ते फळ्यावरच्या रेखाटनातून मिळणारे नव्हते. पण त्या रेखाटनाची शिस्त नसती, तर नांगरही झाला नसता. दोन्ही अंगे एकाच माणसात आली, म्हणून हा उद्योग उभा राहिला.

समिती कशी बनवावी, याचा एक वस्तुपाठ स्वातंत्र्यापूर्वीच या देशाने पाहिला आहे. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना १९३८ साली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. पंडित नेहरू तिचे अध्यक्ष होते. तिच्यात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडलेले आणि पुढे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा कारभार पाहिलेले विश्वेश्वरय्या होते. मेघनाद साहांसारखे पदार्थवैज्ञानिक होते. रेल्वेच्या ठेक्यापासून जहाजांपर्यंत मजल मारलेले वालचंद हिराचंद होते. कामगारांच्या वतीने ना. म. जोशी होते आणि ग्रामोद्योगांची बाजू मांडण्यासाठी जे. सी. कुमारप्पा होते. मोठ्या उद्योगांचा आग्रह धरणारे आणि चरख्याची बाजू घेणारे एका मेजाभोवती बसले. त्यांचे एकमत होणे शक्यच नव्हते. पण प्रत्येकाची पार्श्वभूमी उघड असल्याने कोण कोणत्या अनुभवातून बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळत होते. तरीही तेथे कामगारांचा प्रतिनिधी होता, स्वतः यंत्रावर काम करणारा कारागीर नव्हता. ती उणीव आजही भरून निघालेली नाही.

ती भरून काढता येते, हे जर्मनीने कायद्याने दाखवून दिले. तेथील १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्यानुसार, उमेदवारी संपविणाऱ्या तरुणांची परीक्षा घेणाऱ्या मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावे लागतात. दोघे मिळून किमान दोन तृतीयांश जागा त्यांच्याकडे असतात आणि व्यवसायशाळेतील किमान एक शिक्षक असतो. म्हणजे लेथवर काम करणारा कुशल कामगार परीक्षक म्हणून शिक्षकाच्या शेजारी बसतो. तेथील उपयोजित विज्ञानांच्या उच्चशिक्षण संस्थांत प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्याने साधारणपणे पाच वर्षे व्यवसायात, आणि त्यांपैकी तीन वर्षे उच्चशिक्षण संस्थांच्या बाहेर, काम केलेले असावे लागते. जर्मन यंत्रांच्या अचूकतेचे कौतुक सारेच करतात. त्या अचूकतेमागे हाताच्या ज्ञानाला दिलेली ही प्रतिष्ठा आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

पार्श्वभूमी उघड करण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते नाजूक आहे. समितीवरील उद्योगप्रतिनिधी यंत्रे वा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा असेल, तर त्याने सुचविलेली प्रयोगशाळा विद्यार्थ्यांच्या गरजेची की कंपनीच्या विक्रीची? तो मनुष्य प्रामाणिकही असेल. परंतु त्याचा व्यवसाय नोंदलेला नसेल, तर शंकेला जागा उरते. महागडे यंत्र येते, काचेच्या खोलीत बसते, त्याला हात लावायला मुलांना परवानगी नसते आणि पाहुण्यांना दाखविण्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही, अशी दृश्ये अपवादात्मक नाहीत.

यात पणाला काय लागले आहे? २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने एका दशकात राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे आणि १० कोटी रोजगार निर्माण करण्याचे ध्येय ठेवले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'मेक इन इंडिया' मोहिमेनेही २०२२ पर्यंत २५ टक्क्यांचेच लक्ष्य समोर ठेवले. २०२२ उलटून गेले, तरी तो वाटा पाव हिश्श्याच्या जवळही पोहोचला नाही. याची कारणे अनेक आहेत. भांडवल, वीज, जमीन, आयातस्पर्धा ही सारी खरी कारणे आहेत. सारा दोष समित्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु अचूक काम करणारी यंत्रे आणि त्यांचे नियंत्रक यांच्यासाठी जपान-जर्मनीकडे पाहावे लागते आणि देशातला पदवीधर ड्रॉइंग वाचताना अडखळतो, तेव्हा त्याला काय शिकवावे हे कोणी ठरविले, असा प्रश्न विचारणे भागच आहे.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक सल्लागाराच्या नावापुढे त्याने कोठे, किती वर्षे आणि कोणते काम केले, हे चार ओळींत छापावे. सध्याचा व्यवसाय आणि हितसंबंधही नोंदवावेत. उत्पादनाशी संबंधित समितीत किमान एक तृतीयांश जागा प्रत्यक्ष उत्पादनातील माणसांना द्याव्यात आणि त्यांत लघुउद्योजक व अनुभवी फोरमन असावेत. अशा माणसाचा एक दिवस म्हणजे त्याच्या कारखान्याचे वा मजुरीचे नुकसान असते. त्याची भरपाई मानधनातून करावी, उपकार म्हणून नव्हे. वर्षातील एक बैठक वातानुकूलित सभागृहाऐवजी कारखान्यात घ्यावी आणि ती मराठीत चालावी. ज्याला इंग्रजीत बोलता येत नाही त्याला लोखंडातले कळत नाही, हा समज जितका जुना तितकाच खोटा आहे. आणि कोणता सल्ला स्वीकारला, कोणता नाकारला आणि का, हे इतिवृत्तात लिहून ते विद्यार्थ्यांसमोर ठेवावे. तज्ज्ञ बोलवायचे, चहापान करायचे आणि आधीच ठरलेल्या कागदावर सह्या घ्यायच्या, हा प्रकार तज्ज्ञांचाही अपमान आहे.

यातून प्राध्यापकांचे महत्त्व कमी होत नाही. मुठीतल्या वाळूचे शास्त्र करणारा तोच आहे. पण वाळू मुठीत धरणारा समोर नसेल, तर तो शास्त्र तरी कशाचे करणार? हाताने काम करणाऱ्याला कार्यशाळेत राबवायचे आणि विचाराच्या जागी बसू द्यायचे नाही, ही विभागणी समाजाने फार काळ पोसली आणि तिची किंमतही मोजली. ती मोडण्यासाठी मोठ्या क्रांतीची गरज नाही. पुढच्या बैठकीच्या दिवशी विभागप्रमुखांनी आणखी एक खुर्ची मांडावी आणि तिच्यावर बसण्यासाठी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फोरमनला सन्मानाने निमंत्रण धाडावे. पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत त्याचेही नाव असेल, आणि त्याच्यापुढे पदवीऐवजी 'भट्टीवर ३० वर्षे' एवढेच लिहिलेले असेल, तर पालकांनी ते पान घाईने उलटू नये.