फाईल कुठे अडली, त्याचा तक्ता काढा!

'साहेबांच्या टेबलावर आहे', 'वर पाठवली आहे', 'निधी आला नाही.' शिष्यवृत्तीसाठी हेलपाटे घालणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना मिळणारी ही ठरलेली उत्तरे. ती ऐकून तो मुकाट्याने परत फिरतो, कारण आपला कागद कोणत्या वाटेने जातो हेच त्याला ठाऊक नसते. कचेरीला हे अज्ञान सोयीचेच आहे.

कारखान्यांनी यावर केव्हाच तोड काढली. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ साली कामाचा प्रवास चित्रात मांडण्याची रीत अभियंत्यांपुढे ठेवली. १९४७ साली तिची चिन्हे प्रमाणित झाली. काम म्हणजे वर्तुळ, हलविणे म्हणजे बाण, तपासणी म्हणजे चौकोन, साठवण म्हणजे त्रिकोण आणि खोळंबा म्हणजे इंग्रजी 'डी'.

आता आपला अर्ज या चिन्हांत मांडा. विद्यार्थी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरतो, वर्तुळ. महाविद्यालय कागद पडताळते, चौकोन. अर्ज समाजकल्याण कार्यालयाकडे जातो, बाण. तिथे पुन्हा चौकोन. ही कामे काही मिनिटांची. बाकीचे महिने कुठे गेले? ते सगळे 'डी'! संगणक आला म्हणून 'डी' गेला नाही. पूर्वी अर्ज कपाटात पडून असे, आता पडद्यावर पडून असतो, एवढेच.

प्रत्येक 'डी'खाली तारीख आणि हुद्दा लिहा. उगाच लिपिकाला शिव्या घालण्यासाठी नव्हे. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल तर तेही तक्त्यात दिसेल.

कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की निर्णयाची कार्यपद्धती आणि उत्तरदायित्वाची साखळी कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावी. महाराष्ट्राच्या २००५ च्याच दफ्तर दिरंगाई कायद्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहता कामा नये. दहा रुपयांच्या अर्जावर टेबलागणिक तारखा मागता येतात. आपले किती पदवीधर कार्यकर्ते ते करतात?

'निधी आला नाही' हाही एक 'डी'च, पण तो जिल्ह्याच्या कचेरीतला नव्हे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असे २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले. म्हणजे इथे तक्त्याला दोन फाटे फुटतात, एक दिल्लीकडे, एक मुंबईकडे. तेव्हा पुढच्या वेळी हे उत्तर मिळाले की तिथेच विचारा, कोणाचा वाटा आला नाही, आणि मागणीपत्र कोणत्या तारखेला गेले?