‘वैयक्तिक कारण’ नेमकं कुणाच्या सोयीचं?

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना व्याकरणाबरोबर एक दंतकथाही फुकट मिळते: जपानी माणूस एकदा कंपनीत शिरला की निवृत्तीलाच बाहेर पडतो, निष्ठा त्याच्या रक्तातच असते. रक्तात वगैरे काही नाही. ती कागदावर आहे.

जपानी राजीनाम्यात कारण म्हणून एक ठरलेला वाक्प्रयोग येतो: ‘इश्शिन्जो नो त्सुगो’. म्हणजे ‘वैयक्तिक कारणास्तव’. साहेब रोज सगळ्यांसमोर ओरडायचा? वैयक्तिक. रात्री ११ पर्यंत बसवून ओव्हरटाइम बुडवला? तेही वैयक्तिक. कोड लिहिणाऱ्या कुणालाही विचारा: प्रत्येक बिघाडाला एकच एरर मेसेज दिला, तर बग कधीच सापडत नाही. इथे तो न सापडण्यातच कंपनीची सोय आहे.

हा नुसता शिष्टाचार असता तर सोडून दिलं असतं. पण त्याची किंमत पैशांत मोजावी लागते. नोकरी सुटली की नोंद होते ती ‘जिको त्सुगो’ म्हणजे स्वतःच्या कारणाने, किंवा ‘काइशा त्सुगो’ म्हणजे कंपनीच्या कारणाने. पहिला शिक्का बसला की बेरोजगारी भत्ता उशिरा सुरू होतो. अनेक कंपन्यांत नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कमही घटते. दाद मागता येते, पण तेव्हा तुमच्याच सहीचं ते सभ्य वाक्य आडवं येतं.

कायदा मात्र स्पष्ट आहे. नागरी संहितेच्या कलम ६२७ नुसार, मुदत न ठरलेली नोकरी सूचना दिल्यापासून २ आठवड्यांनी संपते. परवानगीचा प्रश्नच नाही. तरीही लोक ‘ताइशोकु नेगाइ’ लिहितात. ‘नेगाइ’ म्हणजे विनंती. नुसतं कळवायचं असेल तर ‘ताइशोकु तोदोके’ हा वेगळा शब्द आहे. जे हक्काचं आहे ते मागायला लावलं, की समोरच्याला नाही म्हणायची सवय लागते. त्यातूनच ‘ताइशोकु दाइको’ हा धंदा उभा राहिला: पैसे घेऊन तुमच्या वतीने राजीनामा कळवणाऱ्या एजन्सी. आपण हे ‘जपानी लोक काय भारी असतात’ म्हणून फॉरवर्ड करतो. यात भारी काही नाही. ‘मी जातो’ एवढं सांगायला माणसाला पैसे मोजावे लागतायत.

यावर उत्तर येतं: तुम्ही गेलात तर सहकाऱ्यांना ‘मेइवाकु’, म्हणजे त्रास होतो. होतो ना. पण एक माणूस गेल्यावर टीम कोलमडत असेल, तर माणसं कमी ठेवली कुणी?

आणि निष्ठेच्या बदल्यात कंपनी काय देणार होती? ‘शूशिन कोयो’, आजन्म नोकरी. ती टिकवणं अवघड होत चाललंय, असं २०१९ मध्ये खुद्द टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा जाहीरपणे म्हणाले. कंपन्या आपला शब्द सैल करणार आणि कामगाराने मात्र विनंतीअर्ज लिहीत बसायचं, याला निष्ठा नाही म्हणत.

तेव्हा तिकडे नोकरीला निघाला असाल, तर स्वतःची ओळख करून देण्याच्या वाक्यांसोबत ‘तोदोके’ हा शब्दही पाठ करा. आणि ‘त्सुगो’ लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी ती कुणाची सोय आहे, ते नीट वाचा.